शनवारी थांबलेला गुडघा

ज्यांचा पाय लवकरच प्लॅस्टरमधून बाहेर निघायचा असेल, त्यांना माझं पहिलं सांगणं: त्या घटकेला खिडकीबाहेर पाहा. मी पायाकडे पाहिलं.

पहिलवानासारखा एक माणूस मोठी कात्री घेऊन आला. मांडीपासून घोट्यापर्यंत त्यानं प्लॅस्टर कापलं आणि कालव उघडावं तसं दोन्ही हातांनी फाकवलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कालवं खात नाही, पण कोकणातल्या किनाऱ्यावर ती उघडताना पुष्कळ पाहिली आहेत. आत काय असतं ते मला ठाऊक होतं. तरी इतकं घाणेरडं कालव मी कधी पाहिलं नव्हतं. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा वास. कातडीचे पापुद्रे सुटून लोंबत होते. पोटरी नावाची वस्तू कुठे गेली होती देव जाणे. उरली होती ती वाळकी शेवग्याची शेंग, आणि तिच्या मधोमध उकडलेल्या सुरणाएवढा गुडघा.

"हा माझा नाही," मी मराठीत म्हणाले.

त्याला मराठी कुठून कळणार? पण तो हिब्रूत म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

मला ओकारी आली. स्वतःच्या पायाची. माणसाला दुसऱ्याची किळस आली तर तो लांब सरकू शकतो. मी कुठे सरकणार होते?

*

आम्ही इस्राएलात लोदला राहतो. सरकारनं बांधून दिलेल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात आहेत. मुलगा सैन्यात, सुटी मिळाली की येतो. घरात आम्ही दोघं आणि सून मारिका. ती रुमानियाची. मुलानं ती आमच्यापुढे आणून उभी केली तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. तिला मराठी येत नाही, मला रुमानियन येत नाही, आणि दोघींची हिब्रू सारखीच लंगडी. त्यामुळे भांडण मोठं होत नाही. अर्ध्यावरच शब्द संपतात.

मी पडले ती मारिकेला दाखवायला गेले म्हणून. आपल्याकडे लादी पुसायची म्हणजे ओलं फडकं घेऊन उकिडवं बसायचं आणि मागे मागे सरकत जायचं. इथे तसं नाही. खोलीभर बादली ओतायची आणि काठीला लावलेल्या रबरानं ते पाणी ढकलत बाहेर काढायचं. मारिका हे काम गाणं म्हणत करते. एका शुक्रवारी ती बाजारात गेली असताना मला वाटलं, हे तुमचं युरोपी पुसणं मलाही येतं, बघ म्हणावं. बादली ओतली, साबण जरा सढळ पडला. मारिका परतली तेव्हा सासूबाई खोलीच्या मध्यावर तळ्यात बसलेल्या, आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटलेली.

तर प्लॅस्टर निघालं त्या दिवसाचं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि वाकवून पाहिला. वाकला नाही. पुन्हा पाहिला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या बेडवरची बाई उठून बसली. मग डॉक्टर बराच वेळ यांच्याशी बोलले. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, विश्रांती घ्या," हे म्हणाले.

त्यांच्या कपाळावर घाम होता. आमचे हे खोटं बोलू शकत नाहीत. बोलले की भिजतात.

मी मारिकेकडे पाहिलं. तिनं माझ्या ताटातलं गाजर उचललं. अगोदर ते हळूहळू वाकवलं, वाकता वाकेना. माझा डोळा लागल्याचं सोंग करून दाखवलं. आणि मग ते गाजर कचकन मोडलं.

"पेसाहपर्यंत," ती म्हणाली.

मला सगळं समजलं. पेसाहच्या सणापर्यंत व्यायामानं गुडघा वाकला तर ठीक. नाही वाकला तर भूल देऊन जबरदस्तीनं वाकवणार. त्यातूनही हाड पुन्हा मोडलं, तर पाय जन्मभर काठीसारखा सरळ.

आता, सरळ पायानं माणूस मरत नाही. पण माझा सगळा संसार जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. स्टोव्ह खाली, विळी खाली, मसाल्याचे डबे खाली, मीही खाली. ज्या बाईला पाटावर बसता येत नाही तिच्या हातून स्वयंपाकघर गेलंच. आणि आमच्या घरात ते मारिकेच्या हाती गेलं असतं. मारिका माशात साखर घालते. तिखट नाही, आंबट नाही, साखर! थंडगार, फिकट, वर गाजराची चकती लावलेला गोड मासा. लोक आजारपणात मरणाला भितात. मी त्या पलंगावर पडून गोड माशाला भ्याले.

*

हॉस्पिटल म्हणजे इंग्रज लष्कराच्या जुन्या बराकी. वर पत्रा. सकाळी उजाडतं न उजाडतं तोच ताटात खारवलेला कच्चा मासा, काकडी आणि वाटीत पांढरं आंबट काहीतरी, जे दही म्हणावं तर पातळ आणि ताक म्हणावं तर दाट. या देशात तेव्हा सगळं मोजून मापून मिळे, पण हा मासा कधी कमी पडलेला मी पाहिला नाही. त्यानंतर बेडपॅनची फेरी. त्याविषयी लिहीत नाही. ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना भोगायचं आहे त्यांना आताच कशाला?

व्यायामाची बराक शेवटची. मी पन्नाशीची, पण मला टाकलं म्हाताऱ्यांच्या वर्गात. शिकवणारी हिल्डा, जर्मनीकडची. पांढरे केस, पांढरा कोट, पाठीचा कणा बंदुकीसारखा. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातात एक कपडा दिला. काळी आखूड चड्डी, मांडीला इलॅस्टिक.

"गेवेरेत रिवका, घाल."

गेवेरेत म्हणजे बाईसाहेब. इथे असंच आहे. बाईसाहेब म्हणायचं आणि चड्डी द्यायची.

"नाही," मी म्हणाले.

"लुगड्यात मला गुडघा दिसत नाही."

"तो दिसण्यासारखा नाही."

ती हसली नाही. मीही नाही. शेवटी मी पडद्याआड गेले आणि लुगडं कोळणीसारखं वर खोचून कासोटा घातला. मुंबईला माझ्या आईनं मला या अवतारात परक्या पुरुषांसमोर पाहिलं असतं, तर दुसऱ्या गुडघ्याची वाटी तिनं फोडली असती. हिल्डानं मात्र मान डोलावली. "हे उत्तम."

खाली चटया होत्या. त्यांना कितीतरी पायांचा वास. आम्ही म्हातारे-कोतारे त्यावर उताणे पडत असू आणि एका सुरात पाय हलवत असू. किनाऱ्यावर खेकडे उलटे पडावेत तसे. कोणाचे दात शेजारी पेल्यात, कोणाचं पोट पाटलोणीतून बाहेर. मग चेंडूचा खेळ. मोज्यात चिंध्या भरून केलेला चेंडू एकानं दुसऱ्याकडे टाकायचा. माझ्या समोर बागदादचे हेस्केल नावाचे आजोबा बसत. त्यांना झटका येऊन गेला होता, तोंडाची एक बाजू उतरलेली, तिथून लाळ गळे. ते चेंडू आधी छातीशी कवटाळत, हनुवटीनं दाबून धरत आणि मग माझ्याकडे टाकत. तो मला झेलावा लागे. ओला.

"झेलला!" आजोबा दरवेळी ओरडत. जणू मी किल्ला जिंकला. "शाब्बास, हिंदी!" हिंदी म्हणजे हिंदुस्थानची, म्हणजे मी.

मी हात लुगड्याला पुसत असे आणि मनात म्हणत असे, देवा, एवढं कुठलं पाप केलं होतं?

पण खरं सांगायचं तर हिल्डाचा हात हळू होता. मी दात-ओठ खाऊन तयारीत असे, आता ही मोडणार. ती मोडत नसे. एका गुळगुळीत फळीवर टाल्कम पावडर टाके, तिच्यावर माझी टाच ठेवी आणि म्हणे, "आपल्याकडे ओढ. दुखायच्या अलीकडे थांब. सोड. पुन्हा." एवढंच. किंवा उंच टेबलाच्या कडेवर बसवून पाय नुसते लोंबकळत ठेवायला लावी. संसार केलेली, सून आलेली बाई मी, कुंपणावरच्या पोरीसारखी पाय हलवत बसे. त्याचाही मला तिटकारा होता. दुखवलं असतं तर निदान शूर वाटलं असतं. हे म्हणजे औषध म्हणून भाताची पेज.

तरी गुडघा सुटत होता. रविवारी अजिबात नाही, सोमवारी जरा, गुरुवारी बऱ्यापैकी. शुक्रवारी मला शाबाथसाठी, म्हणजे शनवारच्या विसाव्यासाठी, घरी सोडत; त्या दिवशी आमच्यात काम वर्ज्य. आणि पुढच्या रविवारी गुडघा पुन्हा लाकडाचा.

*

घरी काय होई ते ऐका. हे आणि वर्कशॉपातले दोघं-तिघं आपलेच लोक मला खुर्चीवर बसवून दुसऱ्या मजल्यावर नेत. नवरीला काय नेतील! "अगो, हलू नको गो, आम्ही आहोत!" पलंगावर ठेवत. हे मुंबईहून आलेली खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात उभी करत आणि गुडघ्याला अर्धा-अर्धा तास तेल चोळत. आम्ही जातीचे तेली, आमच्यात डोकेदुखीपासून विरहापर्यंत सगळ्यावर तेलच. मग गुडघ्याखाली दोन उशा. किती बरं वाटे! पाणी मागायचं अवकाश, पेला ओठाशी. शेजारणी भेटायला येत आणि पायाकडे बघून "अरे रे" म्हणत. संपूर्ण शाबाथ मी त्या उशांवर पाय ठेवून, तुपात ठेवल्यासारखी.

व्यायाम? शनवारी? छे.

एका रविवारी हिल्डानं टाच फळीवर ठेवली, पाय जागचा हलला नाही. तिनं फळी बाजूला ठेवली. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काल काय केलंस?"

"काल शाबाथ होता."

"शाबाथला तू श्वास घेतेस, की तोही शुक्रवारी बंद करतेस?"

मला राग आला. शनवारी विस्तवही पेटवायचा नसतो, आणि ही बाई तेव्हा सिगारेट ओढते हे मला ठाऊक होतं. मी मोडक्या हिब्रूत तिला सांगितलं, की कोकणात आमच्या बापजाद्यांना लोक 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्याकडे ना पोथी उरली होती ना कोणी रब्बी. एक शनवार उरला होता. त्या दिवशी आमचा घाणा फिरत नसे. सगळा गाव जाणे. आणि आता इथे, आपल्या म्हणवणाऱ्या देशात, आमचा काळा रंग पाहून विचारतात, तुम्ही खरंच यहुदी आहात का? तेव्हा शनवार मी सोडणार नाही. गुडघ्यासाठी तर मुळीच नाही.

हिल्डा ऐकत राहिली. मग म्हणाली, "ठीक. पण पेसाह जवळ आलाय. सहा दिवस मी जे विणते ते तू सातव्या दिवशी उसवतेस. डॉक्टर मला विचारतील, मी खोटं सांगणार नाही."

चेंडू घेऊन बसलेले हेस्केल आजोबा उतरलेल्या तोंडानं काहीतरी बोलले. मला वाटलं, आपली बाजू घेताहेत. ते म्हणाले, "हिंदी, चेंडू."

*

त्यानंतरच्या शाबाथला दुपारी जेवणं झाली होती. माझा पाय उशांवर. हे खुशीत होते, मारिकेला जुन्या गोष्टी सांगत होते, हिब्रूत. वर्कशॉपची हिब्रू, तिच्यात घाण्याला शब्द नाही, म्हणून हातांनी गोल गोल करून.

"माझे आजोबा," हे म्हणाले, "शुक्रवारी दिवेलागणीला घाणा बंद म्हणजे बंद. घाण्याची लाकडी लाट उतरवून ठेवायची. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढायची, जू काढायचं. राजा आला तरी शनवारी थेंबभर तेल मिळणार नाही!"

"आणि बैल?" मारिकेनं विचारलं.

"बैल मोकळे! सकाळी सोडून द्यायचे. दिवसभर डोंगरावर. चरायला, हुंदडायला, ओढ्यात बसायला. संध्याकाळी आपले आपण येत."

 मारिकेनं ताटं उचलायला घेतली होती, ती परत खाली ठेवली.

"म्हणजे शनवारी बैल चालायचा?"

"चालायचा तर! आठवडाभर गोल गोल फिरलेला बैल तो. त्याला शनवारी बांधून ठेवला तर सांधे धरतील, रविवारी कामाला उ..."

हे तिथेच थांबले.

 मारिकेनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग यांच्याकडे. मग पुढे होऊन तिनं गुडघ्याखालून एक उशी काढली.

"ए!" हे ओरडले, मराठीत. "आजारी माणसाला छळते काय? ठेव ती!"

तिनं दुसरीही काढली.

टाच गादीवर टेकली तशी गुडघ्यात कळ गेली आणि मी तिला मराठीत जे बोलले ते छापण्यासारखं नाही. ती हलली नाही. घमेलं भरून कोमट पाणी आणलं. शाबाथसाठी आदल्या दिवशीच पाणी तापवून, गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. माझा पाय धरून तिनं तो पलंगाच्या कडेवरून खाली सोडला आणि पाण्यात ठेवला. मग जमिनीवर बसली आणि पाय धुऊ लागली. तेलानं चिकट झालेला, पापुद्रे सुटलेला, माझा मलाच न पाहवणारा पाय. बोटांच्या बेचक्यांतून, घोट्याभोवती, गुडघ्याच्या त्या सुरणावरून तिचा हात फिरत होता आणि तोंड वाकडं झालेलं नव्हतं. मी शोधत होते. नाकपुडी तरी हलेल. नाही हलली.

तिच्या माशाला मी ताटातच नाक मुरडत असे, हे तिनंही पाहिलेलं होतं.

"हलव, इमा," ती म्हणाली. इमा म्हणजे आई. "काम नाही. चरायला सोड."

मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पाहत होते. "बैल चालायचेच," ते पुटपुटले. "मी खोटं कशाला सांगू."

कपाळावर घाम नव्हता.

तेव्हापासून शनवारी मी पाय सोडून बसू लागले. टाच लादीवरून पुढे-मागे, दुखायच्या अलीकडे थांबायचं, सोडायचं, पुन्हा. हे शेजारी बसून प्रार्थना म्हणत आणि माझी टाच तालावर येई. पाप लागलं असेल तर ते आजोबांच्या बैलांनाही लागलेलं आहे. पुढच्या शुक्रवारी खुर्चीवर बसवून वर न्यायला लोक आले त्यांना मारिकेनं जिन्याखालीच चहा पाजून परत पाठवलं. मी एक एक पायरी कठडा धरून, बसत, शिव्या देत चढले. सगळ्या चाळीनं दारं उघडून पाहिलं. त्याचाही वीट आला. पण चढले.

*

पेसाहच्या आधी डॉक्टरांनी तपासलं. हिल्डा शेजारी उभी, हात कोटाच्या खिशात. पाय वाकला. सगळा नाही. डॉक्टर म्हणाले, "भुलीची गरज नाही. यापुढे जे मिळेल ते हिचं हीच मिळवील." मी यांच्याकडे न बघता मारिकेकडे बघितलं. तिनं पिशवीतून गाजर काढून, न मोडता, मला खायला दिलं.

मी हिल्डाला दुवा द्यायला गेले, तर ती म्हणाली, "अजून संपलं नाही. घरी जमिनीवर बसणार आहेस ना? बसणं सोपं. उठणं शिकवते." आणि ती त्या वासाच्या चटईवर, पांढऱ्या कोटासकट, गुडघे टेकून रांगली. आधी कुशीवर, मग चार पायांवर, मग चांगला पाय पुढे, मग खुर्चीला हात. "घाणेरडं दिसतं," ती म्हणाली. "पण माणूस उभा राहतो."

आजारपणानं मला काय शिकवलं असं कोणी विचारतं. काही नाही. शरीर ही ओंगळ वस्तू आहे हे मला आधीही ठाऊक होतं, आता पुरावा मिळाला. ज्यांच्यावर अशी वेळ यायची आहे त्यांना एवढंच सांगते, की घरच्यांच्या मायेपासून जरा जपून. ती फार मऊ असते.

घरी आले त्या आठवड्यात एका सकाळी मी पाट मांडला, विळी घेतली. भिंत धरून, दुखरा पाय पुढे ताणून, खाली गेले. शेवटी धप्पकन. बसले. आजार झाल्यापासून पहिल्यांदा कोबी माझ्या उंचीवर होता. मी तो सगळा चिरला, गरज नव्हती तेवढाही.

मग उठायचं.

कुशीवर वळले. चार पायांवर आले, लुगडं कुठल्या कुठे, शेळीसारखी मान खाली, लादीला नाक लागेल एवढी. घाम टपकतोय. तोंडातून हुंकार निघतोय तो म्हशीलाही शोभणार नाही. चांगला पाय पुढे घेतला आणि अडकले. ना वर, ना खाली. दारातून हे धावले, "अगो, थांब, थांब!"

"हात लावू नका!"

मला वाटलं, आता उचलणारच. पण हात आला नाही. मी मान वळवून पाहिलं. मारिकेनं मागून यांचा सदरा मुठीत धरला होता. दुसरा हात स्वतःच्या पाठीमागे दाबून ठेवला होता. चेहरा पांढराफटक.

मी दम घेतला. स्टुलाची कड धरली. दुखऱ्या गुडघ्यानं जेवढं द्यायचं तेवढं दिलं, आणि मी उभी राहिले.

 हे डोळे पुसत बाहेर गेले. मारिकेनं पाठीमागचा हात हळूच पुढे घेतला आणि कोबी उचलायला वाकली, तेव्हा मला तिचा तळहात दिसला. त्यावर तिच्याच नखांच्या खुणा होत्या, खोल, लाल.